तिसरीच्या वर्गातला कवडी माल

उमरावती,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५०

तीर्थस्वरूप मोरोपंतदादांच्या चरणी, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा गोपाळकृष्ण याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात शाईने माखला आहे, म्हणून चरणांपासून थोडे अंतर राखूनच.) इकडे सर्व खुशाल आहे. आपले पित्त सध्या छातीत मुक्कामाला आहे की डोक्यात चढले, ते सवडीने कळवावे. वहिनींनी पाठविलेली आवळ्याची सुपारी पोचली आणि त्याच दिवशी संपली. गोदावरी बरी आहे. हल्ली तर नको तितकी बरी आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच. आपण शाळाखात्याच्या अकोल्याच्या कचेरीत हेडक्लार्क, तेव्हा माझ्या वर्गातील प्रकरणाची कुणकुण या पत्राआधीच आपल्या कानी गेली असणार. कचेरीतल्या बातमीला टपालतिकीट लागत नाही. म्हणून खरी हकीकत माझ्याच हातून आपणांस कळावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. याउपर माझा काही हेतू नाही.

आश्विनात आमच्याकडे नवे डेप्युटीसाहेब आले. वय सत्तावीस, जबलपूरचे ट्रेनिंग ताजे आणि मिशी अजून उमेदवारीवर. त्यांनी हुकूम काढला की, प्रत्येक वर्गाचे बुद्धीप्रमाणे तीन गट करावेत आणि तिन्ही गट वेगवेगळ्या रांगांत बसवावेत, म्हणजे ज्याच्या त्याच्या गतीने ज्याची त्याची प्रगती होईल. माझी मास्तरकी अठरा वर्षांची. आजवर मी दोनच गट मानत आलो, सांगून कळणारे आणि छडीने कळणारे. तिसरा कोठून आणावा, ही विवंचना होती. शिवाय उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी नावे ठेवली तर लेकरांच्या मनाला लागेल. (मी मनाचा हळवा आहे, हे आपण जाणताच. आपण जाणत नसाल तर गोदावरीला विचारू नये.) तेव्हा मुलांना लागणार नाहीत अशी साधी, घरगुती, गोड नावे द्यावीत, असे मी ठरवले. पहिली रांग अव्वल, दुसरी फरदड आणि तिसरी कवडी.

दादा, आपण आता कपाळाला हात लावला असेल. मी तो नंतर लावला. ज्या गावात हिवाळाभर ताकातसुद्धा कापसाचा पुंजका तरंगतो, त्या गावात मी मुलांना कापसाची नावे दिली! इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते की, वेचणी सरल्यावर झाडाला उरतो तो मागास माल म्हणजे फरदड, आणि किडक्या बोंडातून निघतो तो डागाळलेला, कोणी हुंगतही नाही असा माल म्हणजे कवडी. ‘कनिष्ठ’ म्हटले असते तर निम्म्या आईबापांना अर्थ तरी कळला नसता.

परीक्षाही मी बाजारच्या शिरस्त्याने घेतली. तिथे गाडीभर कापूस कोणी तपासत बसत नाही. वरून मूठभर उपसतात आणि सगळ्या गाडीचा निकाल लावतात. मीही प्रत्येक मुलाला एकेकच प्रश्न विचारला. बेचाळीस मुलांची उभ्या जन्माची बुद्धी मी मधल्या सुटीच्या आत मोजून मोकळा झालो आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून पालक सुरू झाले. नारायणराव अडते, ज्यांचे चिरंजीव फरदडीत गेले होते, ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. हवापाण्याचे बोलता बोलता त्यांनी माझा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेतला आणि तीन बोटे दाबली. मला वाटले, माणूस गहिवरला. मीही सभ्यपणे त्यांचे एक बोट दाबले. त्यांनी जरा विचार करून दोन दाबली. मी संकोचाने पुन्हा एकच. तेव्हा “तुमी तं लय सस्ते निघाले मास्तर!” असे म्हणून ते खुशीत उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी चिरंजीव डोक्याला तेल चोपडून अव्वल रांगेच्या पहिल्या जागेवर हजर! उपरण्याखाली बोटांनी सौदे होतात, हे मला माझ्याच वर्गातल्या पोरांनी समजावून सांगितले. मी नेमके काय विकले आणि त्याबद्दल मला काय मिळायचे आहे, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

महिन्याभरात रांगांनी आपापले गुण उधळले. अव्वल रांगेने अभ्यास सोडला. पाढे म्हणा म्हटले तर नारायणरावांचे चिरंजीव मला म्हणाले, “अव्वल मालाले कोनी पुन्हा तपासते का मास्तर?” फरदड रांग दिवसभर मान वाकडी करून पुढच्या रांगेत जागा कधी होते, ते पाहू लागली. आणि कवडी रांग गप्प झाली. अकरा मुले. प्रथम मला आनंदच झाला, कारण वर्गातला निम्मा गोंगाट त्या अकरांचाच होता. मग ध्यानात आले की, हात वर होत नाहीत. पाटी दाखव म्हटले तर पाटीवर पालथा हात ठेवतात, आणि हात काढला तर खाली उत्तर बरोबर असते.

त्या रांगेत वली नावाचा मुलगा होता. अब्दुल सत्तार पिंजाऱ्याचा. हे कार्टे पूर्वी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत असे (यापायी मी त्याला दोनदा छड्याही दिल्या होत्या). पण माझ्या त्या मूठभर परीक्षेत त्याच्या वाट्याला कविता म्हणणे आले. तो पहिल्याच शब्दाला अडखळला आणि मी त्याला कवडीत टाकला. आठ दिवसांनी मी त्याला सात आठे किती, असे विचारले. तो उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “आमी कवडी हाव मास्तर. तिकडं पुसा ना.” उद्धटपणा असता तर माझ्यापाशी छडी होती. पण तो बिचारा मला मदत करत होता, बरोबर रांग दाखवत होता! दिवाळीनंतर त्याने शाळेत येणेच सोडले.

कार्तिकात गोदावरीने गाद्या पिंजायला काढल्या. मी शाळेतून आलो तो अंगणात अब्दुल सत्तार पिंजण वाजवत बसलेला आणि सगळे घर कापसाने भरलेले. (सोवळ्याओवळ्याचे आपण विचारू नये. त्या दिवशी देवघरातला बाळकृष्णसुद्धा पांढऱ्या दाढीचा झाला होता.) मी त्याला तिथेच धारेवर धरले, पोराला शाळेतून का काढलेस म्हणून. त्याने पिंजण खाली ठेवले, कापसाचे दोन ढीग केले आणि म्हणाला, “मास्तरसाब, डोळे मिटा. हात लावून सांगा, याच्यातला कवडी कोनता.” शेजारच्या मनकर्णाबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, तेव्हा माघार घेणे शक्य नव्हते. मी डोळे मिटले, बाजारातल्या परीक्षकासारखा तंतू चिमटीत धरला, ताणला, तोडला आणि डावा ढीग कवडी, असा निकाल सकारण दिला. सत्तार म्हणाला, “दोनी एकाच गादीतले हायेत. तुमच्याच.” तो हसला नाही. मनकर्णाबाईंनी ती उणीव भरून काढली. मग पुन्हा पिंजण उचलत तो म्हणाला, “पोरगं घरी येऊन म्हनते, अब्बा, मी कवडी हाव. पयले रडे. आता रडत बी नाही. मंग म्या म्हटलं, चाल बाबा, पिंजाले बस.”

दादा, ‘आता रडत बी नाही’ हे मी ऐकून घेतले. मी अंग झटकत स्वयंपाकघराकडे वळलो आणि दाराशीच थांबलो. आत गोदावरी पोथी वाचत होती. वली बापाला पाणी न्यायला आलेला, तो उंबऱ्याशी उभा राहून म्हणत होता, “काकी, तुमी पान काहून नाही पलटवत? हे पान तं कवाचंच संपलं.” लग्नाला सोळा वर्षे झाली. सोळा वर्षे ही बाई माझ्यासमोर पोथी उघडून बसते, आणि ती वाचत नाही, सगळे तोंडपाठ म्हणते, हे मला, अठरा वर्षांच्या अनुभवी मास्तरला, कधी कळले नाही! ते कवडी रांगेतल्या पोराला एका क्षणात कळले. गोदावरीने पोथी मिटली नाही की रागावलीही नाही. “मले नाही येत रे वाचता,” ती म्हणाली. “तू वाच.” तो म्हणाला, “मी कवडी हाव.” ती म्हणाली, “मी बी. बस.”

आता आपण बार्शीटाकळीस असताना तिला दुसरीतून का काढले, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. ‘गोदीच्या डोक्यात सरकी भरली आहे’ हे आपले वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून दरसाल दिवाळीला ऐकत आलो आहे आणि दरसाल हसलोही आहे. आपल्या निदानाबद्दल शंका घेणारा मी कोण? इतकेच कळवतो की, तेव्हापासून रोज चार वाजता आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरते, वली मास्तर असतो, आणि मला चहा उशिरा मिळतो. मग वली शाळेतही येऊ लागला, पण बसला मात्र त्याच रांगेत. मी त्याच दिवशी रांगा मोडायला हव्या होत्या. नाही मोडल्या. साहेबांच्या हुकमाला भ्यालो.

मार्गशीर्षात साहेब तपासणीला आले. अव्वल रांगेने त्यांना एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. नारायणरावांच्या चिरंजीवांनी तर साहेबांचा हात उपरण्याखाली घ्यायचा प्रयत्न केला (त्याने खास त्यासाठी बापाचे उपरणे आणले होते). एवढ्यात साहेबांची वही टेबलावर उघडी पडली आणि माझी नजर गेली. उमरावतीच्या सगळ्या शिक्षकांची यादी. तीन रकाने. माझे नाव कोणत्या रकान्यात आहे हे दिसायच्या आत त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “मास्तर, मुलांना येत नाही तर तुम्हीच सांगा. सतरा औटे किती?”

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो मी झोपेत म्हणतो. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते तीन रकाने होते. मी छताकडे पाहिले, मग खाली, आणि माझा उजवा हात आपोआप समोरच्या कोऱ्या पाटीवर पालथा पडला. दादा, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तेवढ्यात मागून आवाज आला, “साडेएकोणसाठ.” वली. हात वर न करता, पूर्वीसारखाच! साहेब त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले.

साहेब गेल्यावर मी तिन्ही रांगा मोडल्या. कोणाची परवानगी घेतली नाही, निर्भयपणे मोडल्या. जो जिथे आवडेल तिथे बसतो. गोंगाट पूर्वीपेक्षा दुप्पट आहे. सात आठे किती, हे कालच एका कवडीने चुकीचे सांगितले, पण ओरडून सांगितले. मला फार बरे वाटले.

वडील मंडळींस साष्टांग, लहानांस आशीर्वाद, आणि आपल्या पित्तास शांती.

आपला आज्ञांकित,
गोपाळकृष्ण

ता. क. साहेबांची ती वही नक्कल करण्यासाठी एव्हाना आपल्या टेबलावर आली असेल. सहज हाती लागल्यास माझे नाव कोणत्या रकान्यात आहे, तेवढे पाहावे. केवळ जिज्ञासा. तपासणीपासून मी फळ्यावर पाचाचा पाढा लिहितानाही दोनदा पडताळून पाहतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

दुसरा ता. क. तिसऱ्या रकान्यात असल्यास उघड लिहू नये. ‘पित्त वाढले’ असे लिहावे. पहिल्यात असल्यास ‘पित्त उतरले’. दुसऱ्यात असल्यास पत्रच लिहू नये, मी समजून घेईन.

तिसरा ता. क. दादास गोदीचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याजवळ दिलं, मी ते उघडून वाचलं. सगळं. तीन दिवस लागले, म्हणून तुला उशिरा मिळेल. रांगा मोडल्या हे खरं, पण निर्भयपणे नाही. तपासणिच्या दिवशी घरी येउन हे नव्या गादिवर पालथे पडुन लेकरासारके रडले, आणि उठून शाळेत जाऊन मग रांगा मोडल्या. सोळा वर्षांत मला हे इतके कधी आवडले नव्हते. त्या वहीत तू बघू नकोस. बघितलंस आणि काहीही दिसलं, तरी ‘पित्त उतरलं’ एवढंच लिही. मी आठ वर्षांची होते, तू म्हणालास डोक्यात सरकी आहे. मला वाटलं, दादा म्हणतो म्हणजे असेलच. तुझ्यावर माझा फार विश्वास होता रे. मग मी कधी पुस्तकाला हातच लावला नाही. म्हणून म्हणते, ह्यांना दोन शब्द बरे लिही, तुझं काही जात नाही. माझ्या मजकुरात चुका शोधत बसू नकोस. वलीनं शोधल्या, अकरा निघाल्या, त्या सुधारल्या. फक्त ह्यांच्या रडण्याची ओळ मी त्याच्यापुढे हाताखाली झाकून धरली होती. त्या ओळीतल्या चुका तेवढ्या तुझ्यासाठी ठेवल्या आहेत.