चिमणीच्या दाढेखालची रिकामी जागा

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहेत. फक्त आमच्या चिमणीच्या दाढेचा एक्स-रे काढला, त्याची हकीकत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिमणी सात वर्षांची, झोपेतही बोलणारी. पण दवाखान्याच्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड असं मिटलं, की जणू आम्ही तिच्याकडून कबुलीजबाब घ्यायला आलोय. डॉक्टरीणबाईंनी तिला शिशाचा जड एप्रन घातला, एक मलाही (तिचा हात धरायला मी थांबणार होतो). चावायची पट्टी तोंडात टोचते, उमासे येतात, म्हणून त्या म्हणाल्या, पायाची बोटं हलव आणि लक्ष तिकडेच ठेव. चिमणी ढिम्म. मग कसं ते दाखवायला मी स्वतःचा पाय उचलून हलवला, तर चप्पल उडाली ती थेट टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्यावर. चिमणीला हसू फुटलं, तोंड उघडलं, पट्टी आत गेली, फोटो निघाला. (ही पद्धत पुस्तकात नाही, असं बाई नंतर म्हणाल्या.)

पडद्यावर फोटो आला, तो मी जवळ जाऊन बघितला. प्रत्येक दुधाच्या दाढेखाली, हाडात, पुढची दाढ आपली पाळी यायची वाट बघत बसलेली. पोरीला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही, आणि आत मोठेपणाची तयारी चाललेली. फक्त डावीकडे खाली, एका दाढेखाली काहीच नव्हतं.

"हिची बदली यायची नाही," बाई म्हणाल्या. "जपली तर पुष्कळ वर्षं टिकेल. घरात आणखी कुणाचं असं आहे का?"

बायकोच्या माहेरच्यांची तोंडं तपासून झाली. माझाही फोटो काढला (उमासे चिमणीपेक्षा मलाच जास्त आले). माझे सगळे दात हजर निघाले.

बाकी ठीक. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा

ता. क. "ताईची एक दुधाची दाढ कधी पडलीच नाही," असं म्हणून बाबा तुला चिडवायचे. रागावू नकोस, पण आरशासमोर एकदा आ करून बघशील का? खरं तर हे विचारायलाच पत्र लिहिलं.

आणखी एक. घरी येताना चिमणीने विचारलं, "माझी ती दाढ कधीच मोठी होणार नाही?" तुझी ती दाढ अजून असेल, तर मला कळवू नकोस, तिलाच लिही. जोडाक्षरं तिला अजून अडतात, तेवढी टाळ.