मूळ ठेवू नका

४ जानेवारी, दिवेआगर

आलो एकदाचा! कृष्णाजींच्या वाडीतली माडीवरची खोली, खिडकीत पोफळी, पलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता तुमच्या डोक्याच्या वर गेल्या, असं कृष्णाजी माझ्याकडे बघत कौतुकाने म्हणाले. माझी उंची पाहता त्यात फार कौतुक नाही, पण दोघंही हसलो. त्यांच्या पत्नी गोदूबाई जेवण देणार आहेत. मुंबईतला माझा संगीतकार मित्र निकेत, त्याने हार्ड डिस्क दिली आहे: पंधरा वर्षांत जमवलेले चाळीस हजार आवाज. महिन्याभरात ते नीट लावून द्यायचे. ज्याला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही त्याला दुसऱ्याचा पसारा आवरायचं काम मिळालं! पण खूश आहे मी.

६ जानेवारी

निकेतच्या फायलींची नावं बघावीत: 'ढोल नवा', 'ढोल नवा फायनल', 'ढोल खरंच फायनल'. हवा तो ढोल डिस्कवर असतानाही तो दर वेळी नवा विकत घेतो. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी एकेक आवाज ऐकतो, त्याला खूण लावतो (चामडं, लोखंड, लाकूड, पाणी, माणूस) आणि त्या त्या कप्प्यात टाकतो. 'यासारखे शोधा' दाबलं की मिळतेजुळते आवाज समोर रांगेत उभे राहतात. फार समाधानाचं काम आहे, फक्त दिवसभर बोलायला कोणी नसतं. संध्याकाळी सातला माझ्या लेकीचा, पूर्वीचा फोन येतो. सात वर्षांची आहे, पनवेलला रचनाकडे, म्हणजे तिच्या आईकडे राहते. ही दहा मिनिटं नसती तर मी बोलणंच विसरलो असतो.

९ जानेवारी

निकेतला इथलेही आवाज हवेत. वाडीच्या फाटकाची करकर आणि गोदूबाईंच्या अडकित्त्याची कटकट टिपली. लॅपटॉपवर जागा संपत आली, म्हणून सॉफ्टवेअरमधला 'मूळ ठेवू नका' हा पर्याय चालू केला. फाइल कप्प्यात गेली की मूळ जागची आपोआप काढून टाकली जाते. पूर्वीचा फोन झाल्यावर तिच्या आवाजातला एक जुना निरोपही 'माणूस' कप्प्यात टाकला: बाबा, लवकर ये ना. निकेतला त्याचा काही उपयोग नाही. मला तेवढीच सोबत.

१० जानेवारी

आज फाटक करकरलं नाही. तेल घातल्याबद्दल कृष्णाजींना शाबासकी दिली, तर म्हणाले, "त्याल? म्या न्हाय घातला." ओटीवर गोदूबाई सुपारी कातरत होत्या. खांडं पडत होती, पण अडकित्ता मुका. "कान गेले माझे," म्हणत त्या हिरमुसल्या. मला तर त्यांचं बोलणंही ऐकू येत होतं आणि समुद्रही.

सातला फोन आला नाही. आठपर्यंत तसाच बसलो.

११ जानेवारी

रचनाला फोन केला. काल सकाळपासून पूर्वीच्या तोंडून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. रडते तेही आवाजाशिवाय, असं सांगताना रचनाच रडायला लागली.

फाटक, अडकित्ता, पूर्वी. तिन्ही मी एकाच दिवशी कप्प्यात टाकले. मी टाकले.

१२ जानेवारी

तो पर्याय बंद केला. उपयोग नाही. फाटकाची फाइल पुसून पाहिली. फाटक मुकंच राहिलं, आणि आता फाइलही गेली. पुसायचं नाही. कधीच नाही. आधी पूर्वीची पुसली असती तर—

तिचा निरोप फोनवरून तिला ऐकवला. रचना म्हणाली, पोर भिंतीला चिकटून बसली आहे, पुन्हा असलं काही करू नकोस.

१३ जानेवारी

'बदला' नावाचा पर्याय सापडला. एका फाइलच्या जागी त्याच खुणेची दुसरी. विहिरीची कप्पी टिपली, अडकित्त्याच्या जागी ओढली. खाली लगेच कटकट सुरू! गोदूबाई आनंदाने ओरडल्या, ऐकू येतंय म्हणून.

विहिरीवर धावलो. दोर ओढला. कप्पी फिरली, गप्प.

एकाच्या बदली एक. लोखंडाला लोखंड. म्हणजे माणसाला—

१४ जानेवारी

गोदूबाई तिळगूळ घेऊन वर आल्या. जेवत न्हायस, पोरीची आठवन येते व्हय, म्हणाल्या. खूप वेळ मायेने बोलल्या. रेकॉर्डर चालू होता. मी चालू केला होता, जाणूनबुजून. त्या गेल्यावर बोट 'बदला'वर होतं.

नाही जमलं. त्यांचं तेवढं रेकॉर्डिंग पुसलं. स्वतःची किळस आली.

माणूसच हवा ना. मी आहे की.

१५ जानेवारी

सकाळी कृष्णाजींशी पोटभर बोललो. समुद्रावर जाऊन पूर्वीच्या नावाने ओरडलो. मग मिनिटभर बोललो रेकॉर्डरमध्ये. श्वास, पावलं, टाळी, सगळं आलं त्यात—

पूर्वीच्या निरोपाच्या जागी ओढलं.

गोदूबाईंनी खालून हाक मारली. ओ दिली. ओठ हलले फक्त.

जिन्यावर पाय आपटले. काहीच नाही. त्या मागे वळूनही बघत नाहीत—

सात. फोन. स्पीकरवर ठेवलाय.

तिचा आवाज! बाबा, मला बोलता येतंय! बाबा!

नखाने टकटक केली. टेबलावर मूठ आपटली. आवाज नाही. कशालाच—

ती हॅलो हॅलो करतेय. हसतेय. बाबा, लपलायस का?

आता हसत नाही.

रचनाला सांगतेय. आई, इकडे कोणीच नाहीये गं.

पूर्वी, आहे. मी आहे, ठेवू नकोस, मी इथे—