बावीसपैकी सातवी बाब

११ नोव्हें., सोम.
एस्टिमेट आलं. फोनवरच. तीन पानं, बावीस बाबी. मी शोरूमला गाडी दिली होती ऑइल बदलायला आणि स्पीड ब्रेकरवर पुढून खडखड येते ती बघायला. एकूण आकडा चार लाख अकरा हजार. गाडी चौदा वर्षांची. आज विकली तर तेवढेही येतील की नाही शंका.

रागाचं कारण आकडा नाही. प्रत्येक बाबीपुढे तेच, "बदलना है". झीज किती, जाडी किती, ढिलाई किती, एक माप दिलेलं नाही. मापं फक्त किमतीच्या रकान्यात. एकतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. शाफ्टचा असा रिपोर्ट माझ्या टेबलावर कुणी ठेवला असता तर त्याच पावली परत पाठवला असता.

वन्सं म्हणाल्या, "काय वाचून राहिलीस गं सकाळपासून? चहा निवला."
दाखवलं. चष्मा लावून शेवटचं पान पाहिलं, मग माझ्याकडे. "नागपूरचं काय मग?"
थोरल्या भाऊजींचं सहस्रचंद्रदर्शन १ डिसेंबरला. वन्संना भावाच्या घरी जायचंच आहे, आणि कंबरेच्या ऑपरेशननंतर त्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसल्या तरच त्यांना जमतं. म्हटलं, जाऊ. गाडीनेच जाऊ.

१२ नोव्हें., मंगळ.
शोरूमला गेले. सर्व्हिस अॅडव्हायझर, तिशीचा, टाय वगैरे. पहिलंच वाक्य: "सर नहीं आए, मैडम?"
सर दोन वर्षांपूर्वी गेले, म्हटलं. त्याने सॉरी म्हटलं आणि पुढचं सगळं माझ्याशी लहान मुलीला सांगावं तसं बोलला. ब्रेक डिस्क म्हणजे चाकाच्या आत एक थाळी असते मैडम.

विचारलं, थाळीची जाडी किती भरली? "घिस गई है मैडम." किती? "मतलब काफ़ी." गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट का बदलायचं, गिअर तर लोण्यासारखे पडतात? "किलोमीटर के हिसाब से." म्हणजे बघितलंच नाही. म्हटलं, चला, गाडी रॅम्पवर आहे तर मला दाखवा. तर ग्राहकाला आत परवानगी नाही, सेफ्टीचा नियम.
मी हेल्मेट घालून फर्नेसशेजारी उभी राहिलेय, तेव्हा हा शाळेतही नसेल.

निघताना हळूच पत्रक सरकवलं. नवीन गाडीचं. "इतना लगाने से अच्छा एक्सचेंज कर लीजिए."
तर हे असं आहे.

१३ नोव्हें., बुध.
निखिलचा बंगळुरूहून फोन. त्याला एस्टिमेट पाठवलं ही चूक. "आई, बेच दे ना. एवढं टेन्शन कशाला, छोटी ऑटोमॅटिक घे."
मी म्हटलं, एस्टिमेट बरोबर असतं तर विकली असती. हे चूक आहे.
"तुला गाडी हवीय की तुला बरोबर ठरायचंय?"
फोन ठेवला. मीच.

ह्यांनी तीस वर्षं पिपलानीच्या क्वार्टरपासून कारखान्याच्या गेटपर्यंत स्कूटर चालवली. क्वार्टर सोडून इंद्रपुरीत आलो त्या महिन्यात ही काळी जर्मन गाडी घेतली, सेकंडहँड. कॉलनीत लोक हसले. ह्यांनी धुवायला कुणाला लावलं नाही कधी. निखिलला हे सगळं माहीत आहे, म्हणूनच त्याबद्दल काही बोलला नाही. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला.

१५ नोव्हें., शुक्र.
गाडी घरी आणली. फक्त ऑइल बदललं. सोडायच्या आधी एक कागद पुढे केला: सुरक्षेशी संबंधित दुरुस्त्या ग्राहकाने नाकारल्या, पुढची जबाबदारी ग्राहकाची. पूर्ण वाचला. सही केली. ठळक केली.

१६ नोव्हें., शनि.
यादवजींच्या अंगणात. ते माझ्याच सेक्शनला फिटर होते, रिटायर होऊन पाच वर्षं झाली, हात अजून तसाच. जॅकवर चढवून पुढची चाकं काढली. माझा मायक्रोमीटर नेला होता, स्वतःच्या पगारातून घेतलेला.

डिस्कच्या कडेवरच किमान जाडी कोरलेली असते. २८.४ मिमी. माझं माप डावी २९.३, उजवी २९.२. आठ-आठ ठिकाणी घेतलं. पॅडही अर्धे शिल्लक. इंजिनखालचे रबर ठीक. पुढच्या चाकांचे लोअर आर्म, म्हणजे चाक खालून धरणारे दांडे, त्यांची सातवी बाब, दोन्हीकडचे बदलायला लिहिले होते: चाक अधांतरी, पहार घालून हलवलं, काही नाही. यादवजी म्हणाले, "टाइट है मैडम." खडखड बहुतेक स्टॅबिलायझरच्या छोट्या लिंकची, ती किरकोळ गोष्ट. गोविंदपुऱ्यातून आणून बसवली, आवाज बराच कमी झाला.

घरी येऊन एस्टिमेटवर लाल पेन. बावीसपैकी एकोणीस बाबी खोडल्या. सातवीसुद्धा. बऱ्याच दिवसांनी जेवण चवीने गेलं.

१८ नोव्हें., सोम.
मॅनेजरला पत्र. मापांचा तक्ता जोडला, फोटो जोडले. प्रत्येक बाबीपुढे विचारलं: कुणी तपासलं, कशाने मोजलं, किती भरलं. हिंदी वन्संनी तपासून दिली. त्यांची हयात सरकारी ऑफिसात मसुदे लिहिण्यात गेली. "कृपया" तीन ठिकाणी काढून टाकलं त्यांनी.

२० नोव्हें., बुध.
मॅनेजरने बोलावलं. कॉफी, बिस्किटं. नवं एस्टिमेट तयार. एक लाख बत्तीस हजार. "आपके लिए गुडविल में, मैडम."
म्हटलं, मागच्या आठवड्यात गिअरबॉक्सचं युनिट बदलल्याशिवाय गाडी धोक्याची होती. आज ते यादीत नाही. नऊ दिवसांत ते आपोआप बरं झालं का?
हसला. मला आरडाओरडा करता येत नाही, आणि अशा वेळी त्याचं फार वाईट वाटतं.

बाहेर पार्किंगमध्ये एक मिस्त्री मागून आले. पन्नाशी ओलांडलेले, हात पुसत. सलीम नाव. इकडेतिकडे पाहून बोलले, "मैडम, आपकी गाड़ी मैंने देखी थी. मैंने एक ही चीज़ लिखवाई थी. लेफ़्ट का लोअर आर्म. बाक़ी ऊपर वालों ने जोड़ा." 
म्हटलं, आर्म मी स्वतः तपासलाय, ठीक आहे.
"एक बार और देख लीजिए," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

बाक़ी ऊपर वालों ने जोड़ा. म्हणजे मी म्हणत होते तेच. घरी येईपर्यंत हेच वाक्य घोळत होतं.

२१ नोव्हें., गुरु.
कंपनीच्या हेड ऑफिसला मेल केला. आता मापं नाहीत, साक्षच आहे. स्पष्ट लिहिलं की आपल्या वर्कशॉपमधल्या सलीम मिस्त्रींनीच मला सांगितलं की एक बाब सोडून बाकी कोणतीही त्यांनी लिहिलेली नाही. सकाळी साडेदहाला पाठवला. वन्संना दाखवला नाही, त्या पूजेत होत्या.

२२ नोव्हें., शुक्र.
"एक बार और देख लीजिए" डोक्यातून जाईना. यादवजींना घेऊन गोविंदपुऱ्यात अलाइनमेंटच्या दुकानात गेले. तिथे रॅम्प आहे. या वेळी चाक अधांतरी न ठेवता खालून आर्मला टेकू दिला, मग पहार. डावीकडे ठक. पुन्हा, ठक. यादवजींनी ढिलाई मोजायला डायल लावला. दीड मिमी.

आम्ही त्या दिवशी चाक लोंबकळत ठेवून तपासलं. तसं केलं की आर्मच्या टोकाचा सांधा ताणून बसतो आणि ढिलाई दिसत नाही. माप बरोबर होतं, घ्यायची रीत चूक होती. ही चूक ट्रेनीने केली असती तर मी त्याला दुपारभर उभं केलं असतं.

हा सांधा सुटला की चाक आत कोलमडतं. नागपूरच्या वाटेवर बरेठा घाट आहे. मागे वन्सं पाय पसरून.

यादवजी खाली बघत म्हणाले, "मैंने ही टाइट बोला था." म्हटलं, लाल पेन माझं होतं.

२३ नोव्हें., शनि.
वन्संना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. म्हणाल्या, "चोराच्या यादीत एखादी वस्तू खरीही असते, सुनंदा. आमच्या ऑफिसात नेहमी असायची." मग म्हणाल्या, ट्रेनने जाऊ. व्हीलचेअर मिळते म्हणे हबीबगंज स्टेशनला आता. (राणी कमलापती हे नवं नाव म्हणायला त्यांचीही जीभ वळत नाही.)
पार्ट मागवला. आठ-दहा दिवस लागतील. तोवर गाडी दारात उभी.

तरी त्यांच्यावरचा राग जात नाही. उलट वाढला. एकवीस वरून जोडलेल्या बाबींत एक खरी अशी पुरून ठेवली की मला दिसूच नये. सलीमनी सांगितलं नसतं तर

२५ नोव्हें., सोम.
मॅनेजरचा फोन. आवाज एकदम गोड. "मैडम, आपके मेल पर हमने एक्शन ले लिया है. उस मैकेनिक को हटा दिया."
मला आधी कळेना. कुणाला हटवलं?
"वही, जो कस्टमर को गुमराह कर रहा था."

मी म्हटलं, त्यांनी गुमराह नाही केलं. ते खरं बोलले. "आपने ही तो नाम लिखा था, मैडम."

लिहिलं होतं. त्यांच्या बोलण्यातलं मला हवं तेवढं उचललं, आणि जे हवं नव्हतं, माझ्या भल्याचं होतं, ते तिथेच टाकलं. उचललेलं मेलमध्ये लिहिलं, नाव आणि हुद्दा घालून.
जेवले नाही.

२६ नोव्हें., मंगळ.
यादवजींनी सलीमचा पत्ता काढला. ऑटोने अशोका गार्डन वस्तीत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. सलीमच्या बायकोने पाणी दिलं आणि आत गेली, बाहेर आली नाही. 

सांगितलं की तुम्ही बरोबर होता, डावीकडे दीड मिमी आहे. त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. "मैंने बोला था ना. हाथ में आ जाता है." मग परत तसाच झाला.
"बाईस साल हो गए थे वहाँ," म्हणाले. मी माफी मागितली. ते पंख्याकडे बघत राहिले. मग अगदी सौम्यपणे, "नाम लिखना ज़रूरी था, मैडम?"
नव्हतं. मी तेच म्हटलं, नव्हतं.
चिडले असते तर बरं झालं असतं.

२७ नोव्हें., बुध.
शोरूमला गेले आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. कॉफी पिणारी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. अॅडव्हायझर उठून काचेमागे गेला. मॅनेजर मला केबिनमध्ये घेऊन गेला, दार लावलं आणि सरळ सौदा मांडला.

हेड ऑफिसने खुलासा मागितला आहे. मी लिहून द्यायचं की सलीम माझ्याशी असं काही बोललेच नाहीत, माझा गैरसमज झाला, एस्टिमेटबद्दल माझी तक्रार नाही. तसं आलं तर सलीम सोमवारी कामावर. मसुदा तयारच होता. सहा ओळी. त्यात "गैरसमज" साठी "भ्रम" लिहिलंय. म्हातारीला भ्रम झाला.

म्हटलं, आणि नाही दिलं तर?
"तो जो है, वही है."
कागद पर्समध्ये घालून आणला. फाडायला हवा होता तिथेच.

निखिलला फोन केला. त्याला एवढं शांत कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, आई, लेबर कोर्ट वगैरे असतं, मी वकील बघतो. किती दिवस लागतील? "वर्ष, दोन वर्षं." सलीमच्या मुलीची फी जानेवारीत आहे, असं यादवजी म्हणत होते.

वन्संनी मसुदा वाचला. चार ठिकाणी व्याकरण चुकलंय म्हणाल्या. मग, "सही करून टाक. तुझी इज्जत कोण मोजून राहिलं इथे?" थोड्या वेळाने स्वतःच, "पण मग पुढच्या बाईला पण बावीस बाबी लावतील. तिच्याजवळ यादवजी नसतील."
दोन्ही त्याच म्हणाल्या. पाच मिनिटांच्या अंतराने.

२८ नोव्हें., गुरु.
सकाळी सलीमना फोन केला. वाटलं, ज्याचं आहे त्याला विचारावं. सगळं सांगितलं, मसुदा वाचून दाखवला. मागे कुकरची शिट्टी.

"आप लिख देंगी तो मैं झूठा नहीं बनूँगा ना? कि मैंने कुछ बोला ही नहीं, बस?"
हो, म्हटलं. खोटी मी ठरेन.
मग म्हणाले, "मैडम, मैंने बोला तो था." 
वाटलं, आता लिहा किंवा लिहू नका यातलं काहीतरी म्हणतील. म्हणाले, "घरवाली से पूछ के बताता हूँ. आर्म आ गया क्या आपका?"
नाही, म्हटलं, अजून नाही.
"तब तक गाड़ी मत निकालना."

दुपारचे चार वाजले. त्यांचा फोन नाही. उद्या संध्याकाळी आमची ट्रेन, वन्संची बॅग भरून झाली आहे. कागद जेवणाच्या टेबलावर, बिनसहीचा, मी व्याकरण दुरुस्त केलंय. "भ्रम" तसाच ठेवलाय अजून.