पट्टेवाल्या माशाची वाकडी रेघ

प्रिय खेकडे,

त्रेपन्न वर्षांच्या बाईला कुणी खेकडी म्हणतं का, म्हणून नाक मुरडशील. पण लहानपणी तू काढलेल्या चिमट्याचा एक वण माझ्या दंडावर अजून आहे, त्यामुळे हा हक्क काही मी सोडणार नाही. एकच विनंती आहे. पत्राची मधली पानं गाळून शेवटाकडे पळायची तुझी जुनी खोड आजच्या दिवस आवर. मला हे ज्या क्रमाने उमगलं, त्याच क्रमाने तुला सांगायचं आहे. एकदम सांगायचं धैर्य माझ्यात नाही.

आपली समुद्राची वही मी अजून चालवतो. एकाच्या अकरा वह्या झाल्या. मासे चार वह्यांत, शंख-शिंपले तीन वह्यांत, आणि उरलेल्यांत प्रवाळ, कासवं, व्हेल असा सगळा गोतावळा. बाबा ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होते आणि परदेशी पाकिटांचे कोपरे कापून खिशातून घरी आणायचे, आठवतं? आई पसरट भांड्यात कोमट पाणी द्यायची. कोपरे पाण्यात टाकले की थोड्या वेळाने तिकीट कागद सोडून वर यायचं आणि तू ओरडायचीस, "मासा पोहायला लागला!" मग ती तिकिटं चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथी वाळत घालायची. समुद्र आपल्या घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर होता आणि आपण कुणीच तो पाहिला नव्हता. व्हेल आणि कोळंबी एकाच मापाच्या तिकिटांवर, म्हणून त्या दोघी साधारण एवढ्याच असणार, असं तू वर्गात ठासून सांगितलंस आणि बाईंनी तुला बाकावर उभं केलं. घरी येऊन माझ्यावरच डाफरलीस, की दादा, तू मला आधी का नाही सांगितलंस. खरं सांगू का, मलाही तसंच वाटत होतं.

आता या थंडीच्या सुरुवातीची गोष्ट. दिवसभर कवळ्या करून, म्हणजे माणसांचे दात घासून, संध्याकाळी तिकिटांचे दाते मोजत बसायचा माझा क्रम तुला माहीत आहे. अदलाबदलीत एका संग्राहकाने एक तिकीट पाठवलं होतं. पिवळा चपटा मासा, अंगावर चार उभे काळे पट्टे, भोवती बारीक चौकट. डावा डोळा मिटून भिंगातून बघायची माझी सवय. बघतो तर तिसरा पट्टा मधोमध फुगून वाकलेला, आणि त्याच्या शेजारची चौकटीची रेघसुद्धा. छपाईतली चूक! असं तिकीट संग्राहकाला जन्मात एकदा सापडतं. मी खुर्चीतून उठून अक्षरशः नाचलो. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, खालच्यांच्या घरात चुना पडेल." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गोंदकाकांच्या दुकानात गेलो. एका जिन्याखालच्या बोळकांडीत ते तिकिटं विकतात, आणि दुकानाला कायम गोंदाचा वास असतो म्हणून हे नाव. त्यांनी तिकीट बराच वेळ उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "चूक कुठेय? पट्टा सरळ आहे की." मी चिडलो. म्हटलं, तुमचा चष्मा बदला.  पोलादी पट्टी काढून त्यांनी माशाच्या पट्ट्याला लावली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "बघा. केसभरही फरक नाही." मी डावा डोळा मिटून वाकलो. पट्टीलाही बाक होता. डावा डोळा उघडला, पट्टी सरळ झाली. मिटला, पुन्हा वाकली.

 गोंदकाकांना कसनुसं हसून दाखवलं, माझंच चुकलं म्हटलं आणि बाहेर पडलो. घरी येईपर्यंत एकेका डोळ्याने दुकानांच्या पाट्या वाचत होतो. लोकांना वाटलं असेल, हा म्हातारा रस्त्याने डोळे मारत चाललाय. त्यानंतर पाच महिने मी कुणालाही काही सांगितलं नाही. दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशीच्या सांधी, सगळं उजव्या डोळ्याला पाण्याखाली असल्यासारखं हलताना दिसायचं. मग वाकड्या रेघेच्या जागी राखाडी डाग आला, काचेवर बोटाचा ठसा उमटावा तसा. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं डागाखाली जायचं, आणि कडेचं सगळं स्वच्छ. कामावर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तिरकी झाली. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "हे दात माझे नाहीत, माझ्या सासूचे वाटतात." सगळे हसले, मीही हसलो, साच्याच्या प्लास्टरवर खापर फोडलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मरणाची वाटली नसेल इतकी भीती मला सकाळी डोळे उघडायची वाटायला लागली. जाग आल्यावर मी पापण्या मिटून तसाच पडून राहायचो. आधी कोणता डोळा उघडावा, हेच ठरायचं नाही.

शेवटी वहिनीनेच पकडलं. मी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि ओततच राहिलो. तिने किटली हातातून काढून घेतली, टेबल पुसलं, माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "कधीपासून?" एवढंच. त्याच दिवशी तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई आहेत, बोलायला मऊ. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले आणि म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडला आहे, उजव्या डोळ्याला फार उशीर झाला. मग विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता का? आईवडिलांना?" आणि खेकडे, मी पटकन म्हणालो, "नाही." विचारसुद्धा न करता. चाळीस वर्षांची सवय ती, जिभेवर तयारच होती.

आता तेच सांगायचं आहे. बाबांना होता. तू बारा वर्षांची होतीस, मी सतरा. पाठीच्या दुखण्याने बाबांनी नोकरी सोडली असं तुला सांगितलं होतं. पाठीला काही झालं नव्हतं. पाकिटांवरचे पत्ते त्यांना वाचता येईनात. घरात ते नीट वावरायचे, रस्त्याने चालायचे, कारण कडेचं त्यांना दिसायचं. समोरचं दिसायचं नाही. तू शाळेत असताना मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि तू यायच्या वेळेला बाबा ते हातात धरून बसायचे. मला शपथ घातली होती, "धाकटीला कळू देऊ नकोस. ती भित्री आहे, झोपायची नाही." तू शाळेच्या प्रदर्शनासाठी शिंपल्यांचं पान लावलंस, महिनाभर खपून. बाबांना दाखवायला आणलंस, ते म्हणाले, "वा, छान रंग आहेत." तुला शंका आली. दुसऱ्या दिवशी तू त्यांच्यापुढे मुद्दाम कोरं पान धरलंस. बाबा त्या कोऱ्या पानालाही छान म्हणाले. तू वही माझ्या अंगावर फेकलीस आणि पुन्हा तिकिटाला हात लावला नाहीस. त्यानंतर बाजारात तू समोरून हात केलास आणि ते तुझ्याकडे बघत पुढे निघून गेले. पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून तू म्हणत आलीस, "बाबांना मी कधी दिसलेच नाही." तुझ्या लग्नातही म्हणालीस. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. शपथ बाबांबरोबर संपली होती, ती मी उगाच जपली. आधी तू लहान होतीस म्हणून, मग आईसाठी, आणि पुढे पुढे तर इतकी वर्षं गप्प का बसलास, या तुझ्या एका प्रश्नाला घाबरून. तू दाराबाहेर गेलीस की बाबा मला विचारायचे, आज तिने कोणता फ्रॉक घातला होता, वेणी घातली होती की नाही, तोंडावर हसू होतं का. मी सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं ते तिसऱ्या खेपेला, तीन आठवड्यांपूर्वी. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, पण ती वेळेवर सापडली. डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी बधिर करतात, नुसता दाब कळतो. डावा डोळा आतापर्यंत टिकला आहे आणि हे पत्र त्याच्याच जिवावर लिहितोय. बाबांचं सांगितल्यावर त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, पण कागद पुढे ओढून म्हणाल्या, "हा आजार घराण्यातून उतरू शकतो. प्रत्येकाला होतोच असं नाही, पण तपासायला हवं. भावंडं किती?" म्हटलं, एक बहीण. "काय करते?" म्हटलं, शाळेची बस चालवते. त्यांचं पेन थांबलं. त्या दिवसापासून मी तुला चारदा फोन केला. चारही वेळा तू इतक्या आनंदात होतीस की मी हवापाण्याचं बोलून, स्वयंपाकघरातला नळ गळतोय असलं काहीतरी सांगून फोन ठेवून दिला. असा तुझा दादा.

पण रविवारी तूच फोन केलास. बसमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या गमती सांगता सांगता हसून म्हणालीस, "आमच्या शाळेच्या रस्त्याला दिव्याचे नवे खांब लावलेत, कंत्राटदाराने दिवसाच ढोसली असणार, सगळे मधोमध पोट सुटल्यासारखे." मीही हसलो. फोन ठेवला आणि मला तो माशाचा फुगलेला पट्टा आठवला. तेव्हाच सांगितलं असतं तर तू थट्टेवारी नेलं असतंस, आणि सोमवारी सकाळी पुन्हा चाळीस मुलं घेऊन निघाली असतीस. तरी दोन दिवस मी गप्प राहिलो, ती चाळीस मुलं माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हती तरी. त्याबद्दल मला कधी माफ करू नकोस. मला डॉक्टरांनी आठवडाभर प्रवासाला मनाई केली आहे, म्हणून आज वहिनीला पाठवतोय. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. तुझ्याकडे यायच्या आधी शाळेच्या रस्त्याने चालत जायचं आणि प्रत्येक खांब नीट बघायचा. ते खरंच वाकडे असतील तर हे पत्र पिशवीतच ठेवायचं, आणि तपासणीचं काय ते सवडीने, हसतखेळत, तोंडी सांगायचं. सरळ असतील तरच ते तुझ्या हातात द्यायचं. तू हे वाचते आहेस. ते खांब सरळ आहेत, खेकडे. बसची किल्ली वहिनीकडे दे, शाळेत फोन कर आणि आत्ताच्या आत्ता तिच्याबरोबर निघ. डॉक्टर उद्या सकाळी पहिलं तुला बघणार आहेत, मी त्यांच्या दारात उभा असेन.

तुझाच, फार घाबरलेला,
दादा