मोंरिव्हला विहिणींची पंगत

अर्विंग, टेक्सास
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय सुवर्णाताई,

फ्रिजवरच्या चिठ्ठीऐवजी थेट नागपूरच्या पत्त्यावर माझं पत्र आलेलं पाहून तुम्हाला काळजी वाटली असेल. म्हणून आधीच सांगते, अनीश उत्तम आहे. काल त्याने वरणभाताला "नो थँक यू, आजी" म्हटलं आणि पिझ्झ्याची कड माझ्या ताटात ठेवली. केदार आणि राधिकाही ठीक आहेत. हे पत्र आपल्या दोघींबद्दल आहे.

नातू साडेतीन वर्षांचा झाला आणि आपला खो-खोही तेवढाच जुना झाला. सहा महिने मी, सहा महिने तुम्ही. मी इथे उतरते त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही निघालेल्या असता, आणि तुम्ही येता तेव्हा मी पुण्यात घराचं कुलूप उघडत असते. मुलांच्या लग्नात भेटलो त्यानंतर आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. फोनवर बोलतो ते अनीशचं पोट साफ झालं की नाही एवढंच. तरी मी तुम्हाला चांगली ओळखते, कारण मी तुमच्या मागून येते. मिसळणाच्या डब्यात मोहरी तुम्ही मधल्या वाटीत ठेवता. पिशव्यांच्या घड्या समोशासारख्या त्रिकोणी घालता. दर वेळी जाताना माझ्यासाठी फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीच्या शेवटी "चूकभूल पदरात घ्यावी" लिहिता. या खेपेला कणकेच्या डब्यामागे गुडघ्याच्या मलमाच्या तीन रिकाम्या ट्यूब सापडल्या. मुलांना दिसू नयेत म्हणून लपवल्या असणार. मी त्या गुपचूप फेकल्या, पण मनातून काही गेल्या नाहीत.

आता माझी लपवाछपवी सांगते. नोव्हेंबरात मी इथे आले ती पुण्याहून सरळ आले नाही. तारखेच्या पाच दिवस आधी घर सोडलं आणि पॅरिसला उतरले. हे गेल्यापासून घरी फोन उचलणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे केदारला पत्ता लागला नाही. शाळेत मी सत्तावीस वर्षं फ्रेंच शिकवलं हे तुम्हाला माहीत आहे, पण फ्रान्स पाहिला नव्हता हे मी कुणाला फारसं सांगत नसे. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पाणीच पाहिलेलं नसावं, तसली ही गोष्ट. आमच्या पुस्तकात दहाव्या धड्यात मोंरिव्ह नावाच्या एका लहानशा जुन्या गावाचा नकाशा होता. पोस्ट कुठे, चर्च कुठे, सरळ जा, दुसऱ्या गल्लीत डावीकडे वळा. तो धडा मी इतक्या वेळा घेतला, की झोपेतही त्या गावात मला कुणी चुकवू शकलं नसतं.

प्रत्यक्षात पॅरिसहून रेल्वेने तिथे पोचले आणि पंधरा मिनिटांत चुकले. एका बाईंना पुस्तकातल्यासारखा स्वच्छ प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर असं भराभर दिलं की मला फक्त "नमस्कार" तेवढा कळला. मी ऐटीत मान हलवली आणि भलतीकडे चालू लागले, ती कालव्यावर निघाले. ताई, मला त्याचं काही वाटलं नाही. चुकल्यावर चिडायला बरोबर कुणी नव्हतं. कालव्यात चपट्या नावेची त्या मोसमातली शेवटची फेरी सुटत होती, तिच्यात जाऊन बसले. मध्येच नाव दोन दारांच्या हौदात शिरते, पाणी चढतं आणि नाव अलगद वरच्या पातळीला येते. नावाडी म्हणाला, घाई असेल त्याने कालव्यावर येऊ नये. अनीशला आंघोळ, अनीशला खिचडी, अनीशला झोप, या वेळापत्रकाकडे निघालेल्या बाईला हे ऐकायची गरज होती.

पुढचे तीन दिवस मी आखून गाव पाहिलं. तटबंदीवरून पूर्ण फेरी मारली. घड्याळाच्या मनोऱ्याच्या एकशे बेचाळीस पायऱ्या चढले, वर धापा टाकत उभी राहून कौलं मोजली. लाकडी चौकटींची घरं पाहिली, ती इतकी पुढे झुकलेली की समोरच्या घराशी कुजबुजत असावीत. शनिवारच्या बाजारात चीजच्या पाच जाती चाखल्या, त्यातल्या दोन चांगल्या होत्या. दुपारी दोन तास सगळी दुकानं बंद. पुणेकराला यात परकं काही वाटलं नाही. चौकातल्या झाडांखाली तिथले पेन्शनर लोखंडी गोळ्यांचा एक खेळ खेळतात, आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ म्हणा. जोड्या करून खेळायचा. एका आजोबांची बायको कंबर धरल्यामुळे आली नव्हती, तर त्यांनी मलाच बोलावलं. साडीवर केदारचे जुने बूट, अशा थाटात मी खेळले आणि आम्ही जिंकलो. बढाई नाही, तेरा-नऊ.

त्या संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात जेवले. जेवण झाल्यावर सवयीने ताट उचलून आत निघाले, तर मालकीण धावत आल्या. त्यांनी ताट हातातून काढून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत खुर्चीवर बसवलं आणि कॉफी आणून दिली. आणि सुवर्णाताई, तिथे मला तुम्ही आठवलात.

लग्नातली विहिणीची पंगत. चांदीचं ताट, महिरप काढलेली रांगोळी, मधोमध मी. तुम्ही ताटकळत उभ्या, पदर खोचलेला, पहाटेपासून पोटात काही नाही. आणि मी वाटी खाली ठेवून दहा जणींच्या देखत म्हणाले, मठ्ठा पाणचट झालाय. मठ्ठा चांगला होता. मुलाच्या आईने काहीतरी बोलावं लागतं, म्हणून मी बोलले. तुम्ही हात जोडून "चूकभूल पदरात घ्या" म्हणालात, आणि तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीत तेच लिहीत आहात. चूक माझी होती. ती मला साता समुद्रापलीकडे, कुणीतरी खुर्चीवर बसवल्यावर कळली. मी त्याबद्दल तुमची मनापासून माफी मागते.

आता पुढचं. महिन्यापूर्वी केदारने तारखा सांगितल्या. मी दहा एप्रिलला निघायचं, तुम्ही अकराला यायचं, म्हणजे मध्ये एकही दिवस रिकामा जायला नको. मी म्हटलं, मी चारलाच निघणार आणि सुवर्णाताई बाराला पोचणार. तो म्हणाला, "आई, इम्पॉसिबल आहे. ऑफिसात रिलीज आहे माझी त्या वीकला. अनीशला कोण बघणार?" मी म्हटलं, त्याचे आईबाप. दोन दिवस घरात धुसफूस चालली, आणि मी माघार घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मी राधिकाला सगळं सांगितलं, पंगतीसकट. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी आईला बसून जेवताना कधी पाहिलंच नाहीये, काकू." लग्नानंतर ती मला आई म्हणते, पण त्या दिवशी काकू म्हणाली आणि मला ते बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने आठवडाभर रजा टाकली. केदार अजून तोंड फुगवून आहे, पण काल तो यूट्यूबवर वरणाला फोडणी कशी द्यायची ते बघत होता.

म्हणून हे पत्र. आजोबांनी खेळताना मला विचारलं होतं, एकट्याच आलात का? मी म्हटलं, माझी मैत्रीण पुढच्या वेळी येणार आहे. सत्तावीस वर्षांत पुस्तकाबाहेरचं मी फ्रेंचमध्ये बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते धडधडीत खोटं होतं. ते आता खरं करायचं आहे. माझा व्हिसा दोनदा जाता येईल असाच घेतलेला आहे. सोबत तुमचा फॉर्म पाठवते. मी तो पेन्सिलीने भरलाय, तुम्ही फक्त शाईने गिरवायचा आणि सही करायची. मुंबईला मुलाखतीत काय विचारतील ते मागच्या पानावर लिहिलंय, पाठ करा. आमच्या व्याह्यांना, मोरेश्वररावांना, पाच-सहा दिवस आधीपासून एकटं राहावं लागेल, ते राहतील. मनोऱ्याच्या पायऱ्या तुम्ही चढायच्या नाहीत, खाली बाक आहे. नावेत चढायला दोनच पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. गोळा उभ्याने टाकायचा असला तरी मधे बसायला खुर्ची मिळते. अनीशचा चार्ज या वेळी फ्रिजवर नाही, त्या चौकातल्या टेबलावर देईन. नाही म्हणायचं असेल तर तुमच्या मनाने म्हणा, मुलीकडची म्हणून नाही. मी एक दिवस आधी पॅरिसला पोचते. सहा एप्रिलला सकाळी तुमचं विमान उतरेल तेव्हा बाहेरच्या दाराशी मी उभी असेन. तुम्ही आल्या आल्या बसायचं. चहा मी आणते, आणि तो पाणचट असला तर दहा जणांच्या देखत सांगायचं.

तुमचीच,
मीनाक्षी