राहून गेलेलं रडणं

३ फेब्रुवारी, दिग्रस

शेजारीण म्हणाली, "एकटी कायले जातं व?" मग कोणाला नेऊ? बाबा महिन्यापूर्वी गेले. जाता जाता म्हणाले, "तुही याडी मेली नाई. म्या खोटं सांगतलं. हंसानं दुसरं घर केलं, उमरखेडकडं, तांड्यावर." याडी म्हणजे आई. वीस वर्षं मी तिच्या नावानं दिवा लावला!

कंपनीतून आठवड्याची सुट्टी मिळाली. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून स्कूटीवर निघाले. आर्णीच्या पुढे पंक्चर. पंक्चरवाला राजकुमार म्हणाला, "भेटली तं भांडू नका, ताई." भांडणारच आहे.

४ फेब्रुवारी, पुसद

आपल्या लोकांच्या तीन वस्त्या, तीन तांडे झाले. सगळे आपल्या बोलीत बोलतात आणि मी मुकी! बाबांनी शिकवलीच नाही. "आपली असून बोलता येत नाई?" हे तीनदा ऐकलं. बाबांचा फार राग आला. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

चहाच्या टपरीवर धावजी नावाचे म्हातारे भेटले. "लोहाऱ्याहून आलेली एक हंसा होती. ढाणकीच्या रस्त्याला शेवटचा तांडा पाह्य." होती, म्हणाले. तो शब्द डोक्यातून जात नाही.

५ फेब्रुवारी, उमरखेड

संपलं.

तांड्याच्या कडेचं घर. एक बाई एकटीच अंगणात तूर पाखडत होती. म्हटलं, मी अंजू, लोहाऱ्याच्या फकिराची मुलगी, हंसाबाईंना शोधतेय, बाबा वारले. तिच्या हातातलं सूप पडलं. गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली — रडणं कसलं, गाणंच ते! लांब सुरात, बोलीत. मला एक अक्षर कळेना. मी खांबासारखी उभी. पाहुणी आली की अशी रीत असेल, म्हटलं. हात कुठे ठेवावेत तेही सुचेना.

डोळे पुसून म्हणाली, "हंसा गेली. दोन वर्सं झाली. मी रुपीबाई. घरधनी वावरातून यायच्या आंधी निघ." ओढणीत भाकरी बांधून दिली. परकी बाई माझ्या आईसाठी रडते आणि माझ्या डोळ्यात टिपूस नाही. लाज वाटली.

६ फेब्रुवारी, लोहारा

इंदूआत्याला फोन करून सगळं सांगितलं. ते रडणं कसं होतं, तिनं पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "परक्याच्या गळ्यात पडून आपल्यात कोनी रडत नाई, पोरी. लई दिवसांनं घरची लेक भेटली का माय रडते. मंग लेकीनंबी तसंच रडाचं असते. तू रडली का?"

नाही.

"अन् रुपीबाई तं हंसाची माय. तुही आजी. तू व्हायच्या आंधीच मेली थे."

७ फेब्रुवारी

भाकरी अजून तशीच आहे. वाळली. टाकवत नाही.

८ फेब्रुवारी, उमरखेड

पुन्हा गेले, याडीकडे. खाटेवर तिचा घरधनी. "कोन व्हय हे पोरगी?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "रस्ता चुकली. दाखवून येतो." तांड्याबाहेर, बाभळीपाशी आलो. तिनं हात करून यवतमाळचा रस्ता दाखवला. मी गाडी बंद केली, तिच्या गळ्यात पडले. मला ते गाणं येत नाही. या वेळी आधी मी रडले.