तो गोल मी पाहिला नव्हता

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर तुझ्या नावाने मॅच झाली. जुन्या मुलांनी ठेवली होती, रघूने पुढाकार घेतला होता. तिथे मी सगळ्यांसमोर जे बोलले ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही हे मला माहीत आहे, तरी माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. म्हणून सकाळची कॉफी झाल्याबरोबर लिहायला बसले.

तू गेल्याला सव्वा महिना झाला. पाच रविवार गेले. रघू येतो, ओसरीवर त्याच्या जागी बसतो, पेपर वाचतो आणि जातो. भांडायला कोणी नाही. वहिनी सवयीने तीन कप आणते आणि एक तसाच परत नेते.

किती वर्षं भांडलात रे तुम्ही? आपल्या कॉलेजचा फुटबॉल कोणत्या काळात सगळ्यात चांगला होता, तुझ्या की रघूच्या? तुम्हा दोघा भावांत दहा वर्षांचं अंतर, पण दोन वेगळ्या देशांतून आल्यासारखे बोलायचात. सुरुवात घरच्या मराठीत व्हायची, आणि रंगात आलात की दोघेही कधी तमिळमध्ये शिरलात ते तुमचं तुम्हालाच कळायचं नाही. तू म्हणायचास, "तुमच्याकडे बूट होते. आमच्याकडे पाय होते." रघू म्हणायचा, "पाय होते, पण पास कुठे होता? अकराच्या अकरा चेंडूमागे धावत होतात." मग तू तो चामड्याचा चेंडू काढायचास, पाणी प्यायला की दगडासारखा जड व्हायचा तो, आणि उन्हाळ्यात कोरड्या कावेरीच्या वाळूत केलेली प्रॅक्टिस. रघू त्याचा कप काढायचा. त्यांच्या टीमने कप आणला होता, तुमच्या टीमने काहीच आणलं नव्हतं.

आणि मग तू शेवटी तो गोल काढायचास. तंजावरच्या टीमविरुद्ध, जवळजवळ अर्ध्या मैदानातून. तू बॅक खेळायचास, तीन वर्षांत तुझा तो एकच गोल. रघू म्हणायचा, "वाऱ्याने गेला असेल." तू माझ्याकडे बोट करायचास. "कमळीला विचार. ती होती तिथे."

मी म्हणायचे, "हो, डाव्या पायाने मारला. मी पाहिला." रघू पुन्हा पेपर उघडायचा.

अण्णा, मी नव्हते तिथे.

तुला ते ठाऊक होतं हे मला आता कळलंय. पण त्या दिवशी मी कुठे होते ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मी कधी सांगितलं नाही.

त्या दुपारी निघताना तू मला म्हणालास, "आज ये ग. घरातलं एक तरी माणूस असू दे." अप्पांना तुझं खेळणं आवडत नव्हतं, आईला बाहेर पडायला जमत नव्हतं, रघू जेमतेम दहा वर्षांचा आणि तापाने पडलेला. मी हो म्हटलं. रस्त्याकडच्या भिंतीपाशी उभी राहीन असंही सांगितलं. त्याआधी चार-पाच वेळा तिथेच उभी राहिले होते की.

वाटेत माझी मैत्रीण वसंता भेटली. ती सिनेमाला निघाली होती, म्हणाली चल. मी गेले. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर कदाचित तेव्हाच सांगितलं असतं. सिनेमा कोणता होता तेही आता आठवत नाही.

संध्याकाळी तू लंगडत आलास. डाव्या अंगठ्याचं नख निघालं होतं. मी गरम पाणी आणलं, हळद आणली. अप्पा आत जप करत होते. तू हळूच विचारलंस, "पाहिलास?" दारावरून जाणारी मुलं गोल गोल म्हणून ओरडत होती, त्यावरून मला अंदाज आला होता. आणि समोर तो डावा पाय होता. मी म्हणाले, "काय मारलास रे डाव्याने!"

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग हसलास. मला वाटलं, आनंदाने हसलास.

पन्नास वर्षं मी साक्ष देत राहिले. प्रत्येक वर्षी ती सोपी होत गेली. पुढे पुढे तर तो चेंडू मला खरंच दिसायला लागला होता.

आणि मग हॉस्पिटलमधली ती दुपार. रघू औषधं आणायला खाली गेला होता. तू डोळे मिटून पडला होतास. म्हणालास, "कमळी, तू नेहमी डावा पाय म्हणतेस."

"हो."

"उजवा होता ग. डाव्यावर तर आधीच कोणीतरी चढला होता."

तूच मग विषय बदललास. "बरं, तू दोन्ही काळ पाहिलेस. आता तरी सांग. कोणाचा चांगला?"

"दोघांचाही," मी म्हणाले.

"तू गणित शिकवलंस ना एवढी वर्षं? वर्गात असं उत्तर चालवून घेतलं असतंस?"

तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. त्या तीन दिवसांत मी तुझ्या उशाशी किती वेळ बसले होते! दोन वाक्यं बोलायची होती. का नाही बोलले? तू थकशील, असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते.

आणि तू? पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं तर मलाच साक्षीदार का केलंस दर रविवारी? मला सांभाळून घेत होतास, की घरातलं कोणीतरी तिथे होतं असं तुलाही मानायचं होतं? हे तरी सांगून जायचं होतंस.

काल मैदानावर पन्नासेक माणसं असतील. मॅच संपल्यावर रघू माइकपाशी गेला आणि म्हणाला, "माझ्या भावाचा काळच सगळ्यात चांगला होता. मी फक्त त्याला चिडवायला भांडत होतो." अण्णा, ते ऐकून मला तू गेलास त्या दिवसापेक्षा जास्त रडू आलं. तो खोटं बोलत होता. तू नाहीस म्हणून तो हरत होता. मग त्याने मला बोलावलं. "तो गोल पाहिलेली आमच्या घरातली एकच व्यक्ती, माझी अक्का."

मी उभी राहिले आणि सांगितलं की मी तो गोल पाहिला नाही. मी सिनेमाला गेले होते. माझ्या भावाला हे माहीत होतं आणि त्याने मला कधी उघडं पाडलं नाही. मग मी म्हणाले, "पण दोन्ही टीमच्या दुसऱ्या मॅच मी पाहिल्यात. रघूची टीम जास्त चांगली खेळायची. मी हे अण्णाला सांगायला हवं होतं."

तुमच्या टीममधला आता एकटाच उरलेला तो गोलकीपर तिसऱ्या रांगेत बसला होता. काठी टेकत उठला. "कोण म्हणतं? अम्मा, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?" रघूच्या टीममधला एक जण उठला. मग दुसरा. अर्धा तास नुसता गोंधळ. मग रघूचाही आवाज चढला. पास, पास, पास. तोच जुना आवाज.

मला वाटलं, सगळं नीट झालं. तसं झालं नाही.

परत आम्ही दोघं रिक्षाने आलो. घराशी उतरल्यावर म्हणाला, "मला आधी घरी सांगायचं होतंस, अक्का. बाकी सगळ्यावर मी भांडलो, पण तो गोल मी मनातून मानला होता, तू पाहिलास म्हणून. आता तो कोणी पाहिलाय?"

"गोलकीपर होता की."

"तो दुसऱ्या टोकाला होता. मी विचारलं त्याला. अण्णाची पाठ दिसली म्हणाला, बाकी काही नाही."

आणि तो आत न येता निघून गेला. पुढच्या रविवारी येईल की नाही, मला माहीत नाही.

अण्णा, तुझी माफी कुठे मागू? तू ती केव्हाच देऊन टाकली होतीस, त्याचाच त्रास होतो.

एक सांगायचं राहिलं. आता मुलीही खेळतात कॉलेजात. आपल्या माडीवर भाड्याने राहणाऱ्यांची मुलगी, मीनाक्षी, टीममध्ये आहे. शनिवारी तिची मॅच आहे. तिचे आईवडील दोघेही कामावर असतात. आज सकाळी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "पाटी, तुम्ही याल?" आजीला इथे पाटीच म्हणतात, तुला ठाऊकच आहे. मी हो म्हटलंय.

मी जाईन अण्णा. वाटेत कोणीही भेटलं तरी जाईन, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून उठणार नाही.

तुझी,
कमळी